धेंपोची २०१६ची माघार: खाणी संपल्या म्हणून, की वाट संपली म्हणून?

गोव्यात फुटबॉलचा विषय निघाला आणि बोलणारा चाळिशीच्या पुढचा असला, की थोड्या वेळात एक वाक्य हमखास येतं: "खाणी बंद पडल्या आणि फुटबॉल गेला." मीही कितीतरी वर्षं हेच म्हणत होतो. डिचोलीचा माणूस दुसरं काय म्हणणार? आमच्याकडे खाणी बंद झाल्या तेव्हा ट्रक अंगणात उभे राहिले, रस्त्याकडेची गॅरेजं ओस पडली, बार्जवरचे खलाशी घरी बसले. त्या दिवसांत जे जे काही गेलं त्याचं खापर खाणींवर फोडायची सवयच लागली. पण धेंपो स्पोर्ट्स क्लबच्या बाबतीत सगळ्या तारखा कागदावर एकाखाली एक मांडल्या, तेव्हा ते वाक्य टिकेना.

प्रकरण असं. पाच वेळा देशाचं विजेतेपद मिळवलेला हा क्लब. २०१५ साली तो आय-लीगमधून, म्हणजे देशाच्या तेव्हाच्या सर्वांत वरच्या साखळीतून, खाली घसरला. २०१६ साली द्वितीय विभाग जिंकून पुन्हा वर आला. आणि वर आल्यावर, एकही सामना न खेळता, त्याने राष्ट्रीय साखळीतून आपलं नाव काढून घेतलं. नापास होऊन शाळा सोडणारी मुलं असतात. पुन्हा परीक्षेला बसून, पहिला येऊन मग शाळा सोडणारा विरळा. त्याने असं का केलं, त्याच्यापुढे दुसरं काय होतं आणि पुढे काय झालं, ते या लेखात पाहायचं आहे.

मूळ डिचोलीचं

धेंपो म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे पणजी येते, फातोर्डाचं मैदान येतं. पण क्लबचं मूळ आमच्या तालुक्यातलं. १९६१च्या सुमारास 'क्लुब देस्पोर्तीव्ह द बिचोलिम' या पोर्तुगीज वळणाच्या नावाने तो गोव्याच्या दुसऱ्या विभागात खेळत होता. पुढे खाणव्यवसायातल्या धेंपो घराण्याने तो हाती घेतला. काही काळ धेंपो-सोझा असं जोडनाव होतं आणि १९६८पासून धेंपो स्पोर्ट्स क्लब. हे मी मुद्दाम सांगतो, कारण गोव्यातलं फुटबॉल म्हणजे सासष्टी आणि बार्देस हे तालुके, चर्चची मैदानं आणि पाद्री, असा एक समज आहे. तो खोटा नाही. १८८३ साली शिवोलीला फादर विल्यम लायन्स या ब्रिटिश धर्मगुरूने चेंडू आणला असं मानतात, आणि खेळ वाढला तो मिशनच्या शाळांतून. पण घरात मराठी पेपर येणाऱ्या, गावच्या उत्सवात नाटक करणाऱ्या डिचोलीतही चेंडू होताच. माझ्या लहानपणी गावात भात कापून झालं, शेतं कोरडी पडली, की धसकटं तुडवत तिथेच गोलपोस्ट उभे राहायचे.

खाणमालकांनी क्लब काढले ते नुसते हौसेखातर नव्हे. धेंपो, साळगावकर, सेझा ही नावं जहाजावर, ट्रकवर आणि जर्सीवर एकदमच दिसत. त्या काळात खेळाडूला कंपनीत किंवा बंदरात नोकरी मिळायची. सकाळी सराव, मग हजेरी. पोराला फुटबॉल खेळू द्यायला आईबाप तयार होत ते त्या नोकरीकडे बघून. गोवा मुक्त होऊन जेमतेम बारा-तेरा वर्षं होत होती, आणि धेंपोचा संघ मुंबईत कूपरेजवर रोव्हर्स चषक जिंकत होता. धोबीतलावच्या कुडांत, म्हणजे गोंयकारांच्या सामाईक खोल्यांत, राहणारे दर्यावर्दी, बोटीवर काम लागायच्या आधी, ते सामने बघायला जायचे. माझा मामा मांडवीतल्या बार्जवर होता. त्याने स्वतः कूपरेज कधी पाहिलं नाही, पण तिथला गोल कुठल्या बाजूने झाला हे तो तांडेलाच्या तोंडचं ऐकून हातवारे करून दाखवायचा.

याच घराण्याचं 'नवप्रभा' हे मराठी दैनिक १९७०पासून निघतं. आमच्या घरी ते येई. क्लबचा मालक आणि पेपरचा मालक एकच, हे कळायला मला बरीच वर्षं लागली. तोपर्यंत धेंपो हरल्याची बातमीही मी त्याच पेपरात वाचत होतो.

एक रविवार, आणि त्यानंतरची सात वर्षं

क्लबचा सुवर्णकाळ प्रशिक्षक आर्मांद कुलासो यांच्या हाताखालचा. २००४-०५चं राष्ट्रीय लीग विजेतेपद, मग २००६-०७चं, मग आय-लीग सुरू झाली तिचं पहिलंच, २००७-०८चं, पुढे २००९-१० आणि २०११-१२. पाच विजेतेपदं, आठ मोसमांत. २००८ साली आशियाई क्लबांच्या एएफसी चषकात उपांत्य फेरीपर्यंत मजल; तिथे लेबननच्या सफा क्लबने अडवलं.

पण मला या काळाची सुरुवात आठवते ती एका मृत्यूने. ५ डिसेंबर २००४, रविवार. बंगळूरच्या कांतीरवा स्टेडियमवर फेडरेशन चषकाचा अंतिम सामना, समोर मोहन बागान. ब्राझीलचा ख्रिस्तियानो ज्युनियर धेंपोसाठी खेळत होता. पहिला गोल त्याचा. दुसरा गोलही त्याचाच: चेंडू घेऊन तो आत घुसला, पुढे आलेल्या गोलरक्षकाशी धडकला, चेंडू जाळ्यात गेला आणि हा जमिनीवर पडला तो उठलाच नाही. धेंपो २-० असा जिंकला. त्या रात्री मामाच्या घरी आधी जिंकल्याचा फोन आला. मामाने पोरांना हाक मारली, शेजारी जमले. नंतर दुसरा फोन आला. मामाने फोन खाली ठेवला आणि कोणाला काही न सांगता बाहेर जाऊन पायरीवर बसला. आम्हाला वाटलं, त्याच्या घरचंच कोणी गेलं. मैदानावर वैद्यकीय सोय काय होती, हा प्रश्न त्यानंतर देशभर विचारला गेला. क्लबने त्याची दहा नंबरची जर्सी निवृत्त केली.

त्याच मोसमात तोच संघ लीग जिंकला. हे मला अजून विलक्षण वाटतं. असा घाव बसलेला संघ मोडायचा. हा सांधला गेला, कारण संघाचा कणा इथला होता आणि वर्षानुवर्षं तोच होता: महेश गवळी, समीर नाईक, क्लायमॅक्स लॉरेन्स, क्लिफर्ड मिरांडा, अँथनी परेरा. पुढे नायजेरियाचा रँटी मार्टिन्स, मागून चेंडू पुरवणारा ब्राझीलचा बेटो. कुलासोंचा संघ चेंडू जमिनीवर ठेवून खेळायचा. फातोर्ड्याच्या पायऱ्यांवर बसून बघताना समजायचं, की गवळीने चेंडू अडवला की तो उगाच लांब भिरकावणार नाही, मान वर करून क्लायमॅक्सला शोधणार. क्लायमॅक्स बघायचाही नाही, पाय आधीच वळलेला असायचा. अशी ओळख एका मोसमात होत नाही. ती पैशाने विकत मिळत नाही, फक्त पैशाच्या आधाराने टिकते. २०११-१२ साली रँटीने एकट्याने ३२ गोल केले, आणि त्यातले निम्मे तरी आपण आधीच ओळखले होते असं वाटावं इतकी ती वाट पायाखालची होती.

आणखी एक गोष्ट गोव्याबाहेरच्या वाचकाला ठाऊक असेलच असं नाही. आय-लीगची पहिली सहा विजेतेपदं ओळीने गोव्यात आली. धेंपो, चर्चिल, धेंपो, साळगावकर, धेंपो, चर्चिल. कोलकात्याचे मोठे क्लब, त्यांचे लाखभर प्रेक्षक, आणि समोर तेव्हाचं दोन जिल्ह्यांचं हे राज्य. २०१३-१४मध्ये बंगळूर एफसीने ही ओळ तोडली.

खाणींचं गणित

आता ते वाक्य तपासू. खाणी बंद पडल्या आणि फुटबॉल गेला.

धेंपो घराण्याने आपला खाणव्यवसाय जून २००९मध्ये सेझा गोवाला १,७५० कोटी रुपयांना विकला. म्हणजे २००९-१० आणि २०११-१२ ही दोन विजेतेपदं खाणी विकल्यानंतरची आहेत. बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाचा अहवाल संसदेत आला, राज्य सरकारने खाणी थांबवल्या आणि सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली ते सप्टेंबर-ऑक्टोबर २०१२मध्ये. तोवर धेंपोंच्या हातात खाण नव्हतीच. ती बंदी एप्रिल २०१४मध्ये उठली, वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून. क्लबची माघार २०१६ची. आणि ८८ खाणपट्टे रद्द होऊन दुसऱ्यांदा सगळं थांबलं ते मार्च २०१८मध्ये, माघारीनंतर दोन वर्षांनी.

या तारखांकडे बघून खाणींचा काहीच संबंध नाही असं मी म्हणणार नाही. गोव्यातला पैसा एका घरातून दुसऱ्या घरात फिरतो. प्रायोजक आटले, गावोगावच्या स्पर्धांची बक्षिसं आटली, लहान क्लबांना ती झळ नक्की बसली. पण धेंपोच्या माघारीचं कारण म्हणून खाणी पुढे करणं म्हणजे आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी. क्लबकडे पैसे नव्हते म्हणून तो गेला, हे या प्रकरणात बसत नाही. ज्याच्याकडे पैसे नाहीत तो खाली घसरल्यावर थांबतो. हा खाली घसरल्यावर थांबला नाही. त्याने संघ ठेवला, द्वितीय विभागाचा खर्च केला, गावोगाव फिरून सामने खेळला आणि जिंकला. मग थांबला. कारण शोधायचं तर ते जिंकणं आणि थांबणं या दोहोंच्या मधल्या काही आठवड्यांत शोधलं पाहिजे.

घसरण

त्याआधी घसरणीचं थोडक्यात. २०१२मध्ये रँटी कोलकात्याला प्रयाग युनायटेडकडे गेला. बेटो चर्चिलकडे गेला, आणि त्याच मोसमात चर्चिल विजेता झाला. २०१३मध्ये कुलासो ईस्ट बंगालकडे गेले. कणा वयाने थकत चालला होता. पाठोपाठ दोन परदेशी प्रशिक्षक आले, ऑस्ट्रेलियाचे आर्थर पापास आणि मग इंग्लंडचे ट्रेव्हर मॉर्गन. दोघांना दोष देण्यात अर्थ नाही. जे घर दहा-बारा वर्षं एका माणसाच्या पद्धतीने चाललं, त्याची घडी नव्या माणसाला एका वर्षात कशी बसवता येणार? २०१४-१५च्या अखेरीस धेंपो खाली गेला.

दरम्यान २०१४मध्ये इंडियन सुपर लीग आली आणि तिच्याबरोबर एफसी गोवा. इथे प्रकरणाला खरी गाठ पडते. एफसी गोवाच्या मूळ मालकांत श्रीनिवास धेंपो होते, दत्तराज साळगावकर होते. म्हणजे गोव्याचे दोन जुने, एकमेकांचे कट्टर प्रतिस्पर्धी क्लब ज्या घराण्यांचे, तीच घराणी तिसऱ्या, नव्या क्लबात भागीदार. एका घरात दोन चुली. पहिल्या दोन वर्षांत दोन्ही पेटत होत्या: सुपर लीग ऑक्टोबर ते डिसेंबर, आय-लीग त्यानंतर. तीच पोरं इथे खेळून तिथे जात. मंदार राव देसाई आणि रोमिओ फर्नांडिस हे धेंपोचे खेळाडू एफसी गोवातून देशाला माहीत झाले. रोमिओ तर २०१५मध्ये ब्राझीलच्या अत्लेतिको परानाएन्सेपर्यंत पोचला.

नव्या चुलीवर प्रशिक्षक म्हणून ब्राझीलचे झिको होते, रंगीत दिवे होते, दूरचित्रवाणी होती. फातोर्ड्याला जिथे धेंपोच्या सामन्याला दुपारी चारच्या उन्हात मोजकी डोकी असायची, तिथे संध्याकाळी नव्या जर्सींनी पायऱ्या भरल्या. मीही त्यात होतो आणि मला ते आवडलं, हे प्रामाणिकपणे सांगतो. २० डिसेंबर २०१५चा अंतिम सामना मी तिथेच पाहिला. गोवा २-१ असा पुढे, नव्वद मिनिटं संपत आलेली, आणि तेवढ्यात चेन्नईने दोन गोल करून चषक नेला. बाहेर पडताना मागच्या पायरीवरच्या एका म्हाताऱ्याने विचारलं, "ही धेंपोचीच पोरं ना?" कोणीतरी म्हणालं, "होय, थोडी." त्या सामन्यानंतर झालेल्या गोंधळाचं प्रकरण लांबलं आणि मे २०१६मध्ये एफसी गोवाला ११ कोटींचा दंड आणि मालकांवर बंदी अशी शिक्षा झाली. अपिलात ती पुढे सौम्य झाली. पण लक्षात घ्या, महिना मे २०१६.

मे २०१६

त्याच महिन्यात अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने नवी रचना मांडली. सुपर लीग हा सर्वांत वरचा स्तर. आय-लीग त्याखाली, 'लीग वन' म्हणून. त्याखाली 'लीग टू'. या मागचा करार जुना होता: डिसेंबर २०१०मध्ये महासंघाने व्यापारी हक्क पंधरा वर्षांसाठी, ७०० कोटी रुपयांना, आयएमजी-रिलायन्सला दिले होते. सुपर लीग त्या हक्कांतून जन्मली. तिच्यात जागा मिळायची ती फ्रँचायझीची रक्कम भरून. मैदानावर जिंकून तिथे जायची तरतूद त्या आराखड्यात नव्हती, आणि हरलेल्याने खाली यायचीही नव्हती.

आता धेंपोच्या खुर्चीत बसून बघा. तुम्ही वर्षभर शिडी चढून वरच्या मजल्यावर पोचता, आणि तिथे गेल्यावर कळतं, की मधल्या वेळात डोक्यावर आणखी एक मजला चढवला आहे आणि त्याला जिनाच ठेवलेला नाही. वरच्या मजल्यावर जे राहतात त्यांत तुमचाच एक हिस्सा आहे, ही त्यातली सगळ्यांत अवघड गोष्ट. आय-लीग जिंकली तरी तुम्ही देशाचे विजेते नाही, दुसऱ्या स्तराचे विजेते. पाच वेळा देशाचा विजेता झालेल्या क्लबला ही बढती होती की पदावनती?

जून २०१६मध्ये साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा यांनी आय-लीगमधून माघार घेतली. पाठोपाठ धेंपोनेही. पावसाळा सुरू झाला होता. काही आठवड्यांत राष्ट्रीय साखळीतून गोव्याचे तीन क्लब गेले. चर्चिल तर २०१४मध्येच परवान्याच्या निकषांवर बाहेर गेला होता. ज्या राज्याने सहा वर्षं ओळीने देशाचा विजेता दिला, त्याचा एकही क्लब त्या घटकेला आय-लीगमध्ये उरला नाही.

माझं वाचन असं आहे: क्लब पैशाने नाही, हेतूने संपत आला होता. संघ चालवणं हा धंदा म्हणून गोव्यात कधीच परवडला नव्हता. तिकिटांतून काही सुटत नव्हतं. मैदान स्वतःचं नव्हतं, फातोर्डा सरकारी क्रीडा प्राधिकरणाचं, म्हापशाचं धुळेर असोसिएशनचं. दूरचित्रवाणीचे हक्क महासंघाने विकलेले. घराणं खर्च करत होतं ते एका गोष्टीसाठी: आपला संघ देशात पहिला येऊ शकतो. ती शक्यता कागदावरून पुसली गेली, तेव्हा हिशेबाच्या वहीत उरला तो फक्त खर्च.

दुसरं काय करता आलं असतं?

एक वाट चर्चिलने दाखवली. तो २०१७मध्ये आय-लीगमध्ये परतला आणि तिथेच पाय रोवून राहिला. स्तर पहिला की दुसरा याचा वाद त्याने कागदोपत्री लढवला, पण मैदान सोडलं नाही. त्या निर्णयाबद्दल मला मनापासून आदर आहे. गावातल्या पोराला वर्षातून दहा-बारा वेळा गोव्यात बाहेरचा संघ खेळायला आलेला दिसला, तो चर्चिलमुळे.

दुसरी वाट सगळंच बंद करायची. देशातल्या काही कंपनी क्लबांनी ती घेतली: महिंद्र युनायटेड, जेसीटी. एका सकाळी पत्रक आणि दुसऱ्या दिवशी जर्सी इतिहासजमा.

धेंपोने मधली वाट घेतली. राष्ट्रीय साखळीतला वरिष्ठ संघ थांबवला, पण गोव्याच्या प्रोफेशनल लीगमधला संघ आणि कुमार गटाचे संघ चालू ठेवले. जुन्या गोव्याजवळ एला इथे क्लबचं प्रशिक्षण मैदान आहे, तिथला सराव थांबला नाही. तेव्हा मला ही पळवाट वाटली होती. लोकांना तोंड दाखवण्यापुरता क्लब ठेवायचा, आणि मन दुसऱ्या चुलीवर. आज माझं मत बदललं आहे. पाया शाबूत ठेवला म्हणूनच पुढे जे झालं ते होऊ शकलं.

पण एका बाबतीत मत बदललेलं नाही. ज्या संघाने द्वितीय विभाग जिंकून बढती मिळवली, त्यातल्या पोरांना त्या बढतीचा एक सामनाही मिळाला नाही. त्यांनी जे कमावलं ते त्यांच्या हातात पडायच्या आधीच मोडीत निघालं. नाव मोठं असलेल्यांना सुपर लीगमध्ये जागा मिळाली. ज्यांचं नाव अजून व्हायचं होतं, त्यांनी मुंबई, कोलकाता, ईशान्येकडचे क्लब शोधले, काहींनी गावच्या संघाकडे परत जाऊन बाजूला नोकरी पाहिली. फुटबॉलपटूला बावीस ते सव्वीस ही चार वर्षं दोनदा मिळत नाहीत. एक मोसम खेळून, जाहीरपणे निषेध नोंदवून, मग थांबता आलं असतं. खर्च एका वर्षाचा वाढला असता.

आणि प्रेक्षकांना कोणी विचारलं नाही, कारण विचारायची सोयच नव्हती. गोव्यातल्या या क्लबांना वर्गणीदार सभासद नाहीत, ज्यांची बैठक बोलवावी असं कोणी नाही. कोलकात्यात क्लबच्या निवडणुका गाजतात, भांडणं होतात, खुर्च्या मोडतात. पण क्लब कोणा एकाला घरी बसून थांबवता येत नाही. आपल्याकडे घराण्याच्या एका शब्दावर क्लब उभा राहतो, हे आपण पन्नास वर्षं कौतुकाने सांगितलं. त्याच एका शब्दावर तो थांबू शकतो, हे २०१६च्या पावसाळ्यात समजलं.

जिना बांधला गेल्यावर

माझं वाचन बरोबर आहे की नाही, याची एक कसोटी आहे. हेतू संपल्याने क्लब थांबला असेल, तर हेतू परत आल्यावर तो परत यायला हवा.

२०१९च्या ऑक्टोबरमध्ये आशियाई फुटबॉल महासंघाच्या पुढाकाराने क्वालालंपूरला एक आराखडा ठरला: २०२२-२३पासून आय-लीगचा विजेता सुपर लीगमध्ये जाऊ शकेल. कागदावरचं ते खरं ठरलं. २०२३मध्ये पंजाबचा क्लब आणि २०२४मध्ये कोलकात्याचा मोहमेडन स्पोर्टिंग वर गेला. जिना बांधला गेला होता.

आणि २०२३-२४मध्ये धेंपो आय-लीगच्या द्वितीय विभागात उतरला, दुसरा आला आणि बढती मिळवली. या वेळी त्याने नाव काढून घेतलं नाही. २०२४-२५च्या मोसमात तो आय-लीग खेळला आणि टिकला. हा योगायोग असू शकतो, घराण्यातल्या विचारांचीही काही कारणं असतील. पण खाणी काही त्या दोन वर्षांत पूर्वीसारख्या धडाडल्या नव्हत्या. बदललं होतं ते एवढंच, की जिंकून वर जाता येत होतं.

संघाचा प्रशिक्षक होता समीर नाईक. विजेतेपदांच्या काळात बचावात उभा असायचा तोच. कुलासोंना द्रोणाचार्य पुरस्काराचा जीवनगौरव जाहीर झाला तोही याच मोसमात, जानेवारी २०२५मध्ये. एलाच्या मैदानावर वाढलेली पोरं आणि बाजूला त्या जुन्या कण्यातला एक मणका, असा हा संघ.

२०२५च्या ऑक्टोबरमध्ये सुपर कप गोव्यात झाला. धेंपो मुळात त्यात नव्हता. रियल काश्मीरने नाव मागे घेतलं आणि धेंपोला बोलावणं आलं. गटात ईस्ट बंगाल आणि मोहन बागान. ज्यांच्या एका परदेशी खेळाडूच्या पगारात धेंपोचा अख्खा संघ वर्षभर चालावा, असे क्लब. ईस्ट बंगालशी २-२. तीन दिवसांनी मोहन बागानशी ०-०.

मोहन बागानशी बरोबरी झाली त्या रात्री मी मामाला फोन केला. आता त्याला दूरवरचं नीट दिसत नाही, तो सामने ऐकतो. त्याने निकाल आधीच ऐकला होता. एकच विचारलं, "विदेशी कितले आशिल्ले रे आमचे?"

"एकूय ना, मामा. सगळे हांगचेच, भारतातले."

पलीकडे बराच वेळ काही आवाज नव्हता. मला वाटलं फोन कट झाला.

"मग फुडल्या मॅचीक म्हाका व्हर," तो म्हणाला. "दिसना तर दिसना. बसून आयकतां."